रॉकेट उडतं, पण त्याला उभं कोण ठेवतं?
लाँच पॅडच्या सुरुवातीच्या बांधकामाची गोष्ट

१४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ श्रीहरिकोटाहून निघालं, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर पाहिलं असेल. उलटी मोजणी संपली, धुराचे लोट उठले आणि सगळ्यांची नजर रॉकेटच्या मागे आकाशात गेली. खाली राहिलेल्या जागेकडे कुणी फारसं बघितलं नाही. शाळेतही हेच दिसतं. मुलं रॉकेटचं चित्र छान काढतात. टोकदार नाक, पंख, मागे लाल-पिवळी आग, सगळं असतं. पण रॉकेट ज्यावर उभं आहे तिथे फक्त एक आडवी रेघ असते.

हा लेख त्या आडव्या रेघेबद्दल आहे. तिला लाँच पॅड म्हणतात. रॉकेटचा शोध जितका अवघड होता, तितकंच अवघड काम ही जागा बांधण्याचं होतं. ते काम करणाऱ्यांत शास्त्रज्ञ होते, तसेच काँक्रीट ओतणारे, वेल्डिंग करणारे, पाइप जोडणारे आणि वायरिंग करणारेही होते. म्हणून ही गोष्ट आपल्या घरातल्या मुलांना, खास करून दहावी-बारावीच्या मुलांना, जरूर सांगावी.

तीन साधे प्रश्न

रॉकेटच्या वजनात सुमारे नव्वद टक्के इंधनच असतं. बाहेरचं कवच शक्य तितकं पातळ ठेवतात, कारण कवचाचा प्रत्येक किलो आकाशात वाहून न्यावा लागतो. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आठवा. भरलेला डबा कडीला धरून नीट उचलता येतो. तोच मधोमध दाबून धरला तर पत्रा चेपतो. रॉकेटचंही तसंच आहे. त्याला कुठे धरायचं आणि कुठे हातही लावायचा नाही, हे आधी ठरवावं लागतं.

पॅड बांधणाऱ्यापुढे म्हणून तीन प्रश्न असतात. पहिला, इतकी जड आणि इतकी नाजूक वस्तू वाऱ्यात उभी कशी ठेवायची? दुसरा, इंजिन पेटल्यावर खाली येणारी आग न्यायची कुठे? इंजिनाच्या आत तापमान ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि पोलाद तर साधारण १,५०० अंशांच्या आसपासच वितळतं. तिसरा, रॉकेटला सोडायचं कसं आणि नेमकं कधी? जरा लवकर सोडलं तर ते कोसळेल. एका बाजूची पकड उशिरा सुटली तर ते कलेल.

पुढे जे जे बांधलं गेलं, ते या तीन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं आहेत.

चार पायांचं लोखंडी टेबल

पहिलं मोठं द्रव-इंधनाचं रॉकेट म्हणजे जर्मनीचं व्ही-२. बाल्टिक समुद्राकाठच्या पेनेम्युंडे इथून ३ ऑक्टोबर १९४२ ला त्याचं पहिलं यशस्वी उड्डाण झालं. ते युद्धाचं हत्यार होतं. ते बनवण्यासाठी छळछावणीतल्या कैद्यांना राबवलं गेलं आणि त्यात हजारो जीव गेले. ही गोष्ट विसरून त्या तंत्रज्ञानाचं कौतुक करता येत नाही.

व्ही-२ सुमारे १४ मीटर उंच होतं आणि इंधन भरल्यावर त्याचं वजन तेरा टनांच्या जवळपास जायचं. त्याचा पॅड म्हणजे चार पायांचं एक लोखंडी टेबल. रॉकेट आपल्या चार पंखांवर त्या टेबलावर उभं राहायचं. टेबलाच्या पायांना स्क्रूचे जॅक होते. जमीन उंचसखल असली तरी जॅक फिरवून टेबल समतल करता यायचं. वरचा भाग फिरवून रॉकेटची दिशा ठरवता यायची. आणि टेबलाच्या खाली मधोमध पिरॅमिडच्या आकाराचा लोखंडी तुकडा होता. वरून येणारी आग त्यावर आपटून चारी बाजूंना फाकायची. नळाच्या धारेखाली पालथी वाटी धरली की पाणी कसं बाजूला उडतं, तसंच.

इथे रॉकेटला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. इंजिन आधी कमी जोरावर पेटवायचे. तो जोर रॉकेटच्या वजनापेक्षा कमी असल्यामुळे ते जागचं हलत नसे. ज्योत नीट दिसली की पंप पूर्ण चालू करायचे, जोर २५ टनांपर्यंत जायचा आणि रॉकेट आपोआप उचललं जायचं. तेरा टनांच्या रॉकेटला हे चालून गेलं. त्याच्या वीसपट जड रॉकेटला हे टेबल पुरणार नव्हतं.

कमरेला धरून लटकवलेलं रॉकेट

दुसरं उत्तर सोव्हिएत संघाने शोधलं. १९५५ साली कझाकस्तानच्या ओसाड माळरानावर, त्युरातम नावाच्या रेल्वे स्टेशनजवळ, काम सुरू झालं. आज जग या जागेला बैकानूर म्हणून ओळखतं. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर ऊन आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. बांधकाम करणारे बहुतेक सैन्यातले जवान होते.

सर्गेई कोरोल्योव यांचं आर-७ हे रॉकेट म्हणजे मधे एक मोठा दंड आणि त्याला चारी बाजूंनी चिकटलेली गाजराच्या आकाराची चार रॉकेटं. एकूण वजन पावणेतीनशे टनांच्या आसपास. हे तळावर उभं करायचं म्हटलं तर तळ खूप मजबूत करावा लागणार आणि तेवढं वजन उगाच वाढणार.

पॅडचे मुख्य अभियंता व्लादिमीर बार्मिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. उडताना बाजूची चार रॉकेटं आपल्या वरच्या टोकाने मधल्या दंडाला वर ढकलतात. म्हणजे ती जागा आधीच मजबूत केलेली असते. मग जमिनीवरही रॉकेटला तिथेच धरायचं, असं ठरलं. चार मोठ्या लोखंडी कैच्या चार बाजूंनी येऊन रॉकेटला कमरेजवळ धरतात आणि रॉकेट त्यांच्यावर लटकून राहतं. शेपटीवर भार येत नाही. तळाचा भाग काँक्रीटच्या ओट्यातल्या मोठ्या गोल भोकातून खाली उतरलेला असतो.

आता सोडायचं कसं? इथे त्यांनी फार साधी युक्ती केली. जुनं रेल्वे फाटक आठवा. त्याच्या मागच्या टोकाला जड वजन लावलेलं असतं, म्हणून दोर सोडला की फाटक आपोआप वर जातं. या कैच्यांनाही मागे तशीच जड वजनं आहेत. रॉकेटचा भार आहे तोवर कैच्या त्याला घट्ट धरून राहतात. इंजिनांचा जोर वाढला, रॉकेट थोडंसं वर उचललं गेलं, की कैच्यांवरचा भार जातो आणि मागच्या वजनाने त्या बाहेरच्या बाजूला पडतात. चारही कैच्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या उघडतात. म्हणून रशियन लोक या रचनेला ट्युलिप म्हणतात. रॉकेट आपल्याच उचलण्याने आपली पकड सोडवतं, त्यामुळे ते सोडण्यासाठी वेगळं बटण किंवा स्फोटक खिळा लागत नाही.

आगीसाठी ओट्याच्या एका बाजूला सुमारे ४५ मीटर खोल खड्डा खणला. साधारण पंधरा मजली इमारत बुडेल एवढा. ओट्याखालून आग उतारावरून घसरत त्या खड्ड्यात जाते आणि पुढे मोकळ्या माळावर पसरते.

हा सगळा लोखंडी सांगाडा कझाकस्तानला नेण्याआधी लेनिनग्राडच्या एका मोठ्या कारखान्यात जोडून, रॉकेट त्यात अडकवून तपासला होता. या पॅडवरून ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक गेला आणि १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन. २०१९ पर्यंत तिथून पाचशेहून जास्त रॉकेटं उडाली. दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानात २०११ पासून सोयुझ रॉकेटं सोडली गेली, तेव्हा तिथेही हीच चार कैच्यांची रचना बांधली होती. चांगलं काम केलं की ते पन्नास वर्षांनंतरही कसं उपयोगी पडतं, त्याचं हे उदाहरण.

एका प्लगची किंमत

पॅड म्हणजे फक्त लोखंड आणि काँक्रीट नाही. उडेपर्यंत रॉकेटला वीज, इंधन, हवा आणि संदेश जमिनीवरून मिळत असतात. या तारा-नळ्यांना नाळ म्हणतात. बाळाची नाळ जशी योग्य वेळी कापावी लागते, तशी हीसुद्धा योग्य क्षणी सुटावी लागते.

२१ नोव्हेंबर १९६० ला अमेरिकेतल्या केप कॅनाव्हेरलला मर्क्युरी-रेडस्टोन नावाच्या रॉकेटची चाचणी होती. आत माणूस नव्हता. इंजिन पेटलं, रॉकेट जेमतेम दहा सेंटीमीटर वर गेलं आणि इंजिन बंद पडलं. रॉकेट परत टेबलावर येऊन बसलं. वरच्या यानाला वाटलं की उड्डाण पूर्ण झालं, म्हणून त्याने आपले पॅराशूट बाहेर काढले. आता विचार करा. इंधनाने भरलेलं रॉकेट उभं आहे, वर पॅराशूट लोंबकळतंय, जोराचा वारा आला तर सगळं कोसळेल आणि जवळ कुणाला जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या उतरल्यावरच लोक तिथे गेले.

कारण काय निघालं? शेपटीला लावलेले दोन प्लग ज्या क्रमाने सुटायला हवे होते, त्या क्रमाने सुटले नाहीत. अर्थिंग असलेला प्लग आधी निघाला, दुसरा क्षणभर मागे राहिला. तेवढ्या वेळात वीज चुकीच्या वाटेने गेली आणि इंजिनाला बंद होण्याचा हुकूम मिळाला. उपाय म्हणून अर्थिंगची एक लांब पट्टी जोडली, म्हणजे सगळं सुटल्यावरच अर्थिंग सुटेल. घरात वायरिंग करणारा मिस्त्री अर्थिंगसाठी आग्रह का धरतो, ते मुलांना यावरून सांगता येईल.

फ्लोरिडात खड्डा खणता येत नव्हता

चंद्रावर माणूस नेणारं सॅटर्न-५ हे रॉकेट ११० मीटर उंच होतं. वजन सुमारे २,९०० टन. त्याच्यासाठी अमेरिकेने फ्लोरिडात समुद्राकाठी ३९ क्रमांकाचं संकुल बांधलं. तिथून पहिलं सॅटर्न-५ हे ९ नोव्हेंबर १९६७ ला उडालं.

इथे अडचण वेगळी होती. समुद्राकाठच्या दलदलीत थोडं खणलं की पाणी लागतं. बैकानूरसारखा खोल खड्डा करणं शक्य नव्हतं. मग त्यांनी उलटं केलं. खड्डा खाली नेण्याऐवजी पॅडच उंच केला. माती आणि काँक्रीटची टेकडी उभारली आणि तिच्या मधून आगीसाठी आरपार चर ठेवला. हा चर सुमारे १३७ मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि १३ मीटर खोल. आतून भट्टीसाठी वापरतात तशा विटा लावल्या. मधे रुळांवर सरकणारा, पाचरीसारखा एक प्रचंड लोखंडी अडसर ठेवला. आग त्यावर पडून दोन भागांत विभागली जायची आणि चराच्या दोन्ही तोंडांतून बाहेर जायची.

रॉकेट दूरच्या इमारतीत उभं जोडायचं आणि जवळपास साडेपाच किलोमीटर उभ्यानेच पॅडवर आणायचं. आणणारी गाडी ताशी दीड किलोमीटरच्या आसपास चालायची. म्हणजे आपण बाजारात रमतगमत चालतो त्यापेक्षाही हळू. रस्त्यावर डांबर नाही, तर नदीतले गोल गोटे पसरलेले, म्हणजे घर्षण आणि ठिणग्या कमी. शेवटी टेकडीचा चढ लागला की गाडी स्वतःचे मागचे पाय उंच करून वरचं रॉकेट सरळ ठेवायची.

आणि सोडणं? हे रॉकेट चार जबड्यांत पायाशी पकडलेलं असायचं. उड्डाणाच्या जवळपास नऊ सेकंद आधी इंजिनं एकामागून एक पेटू लागायची. पाचही इंजिनं पूर्ण जोरात, म्हणजे सुमारे ३,४०० टनांच्या जोरात आली की नाही, हे यंत्रं तपासायची. एकही कमी पडलं तर सगळी बंद. सगळं ठीक असेल तरच चारही जबडे एकाच क्षणी उघडायचे. तरीही रॉकेट एकदम झटक्याने सुटू नये म्हणून निमुळत्या पोलादी खुंट्या लहान भोकांतून ओढल्या जात. त्यामुळे पहिले पंधरा सेंटीमीटर ते जरा अडत अडत वर जायचं. इतक्या मोठ्या शक्तीला लगाम घालणारी ती बोटभर आकाराची खुंटी कुठल्यातरी कारागिराने मोजून-मापून घडवलेली होती.

आगीपेक्षा आवाज मोठा

पुढे एक नवा धडा मिळाला. १२ एप्रिल १९८१ ला अमेरिकेचं पहिलं स्पेस शटल याच संकुलातून उडालं. बूस्टर पेटले तेव्हा हवेच्या दाबाची लाट चरातून उलटी वर आली आणि यानाला धडकली. उष्णतेपासून वाचवणाऱ्या १६ फरशा गळाल्या आणि १४८ ना इजा झाली. आतले दोघं अंतराळवीर सुखरूप परतले, पण इंजिनिअर लोकांची झोप उडाली.

उपाय होता पाणी. आधीही पाणी वापरत होते, पण पुढच्या उड्डाणापासून ते बूस्टरच्या अगदी तोंडाशी सोडलं. शटलच्या पॅडवर एका मिनिटाच्या आत सुमारे ११ लाख लिटर पाणी ओतलं जायचं. पाण्याचे थेंब आवाजाची आणि दाबाची ताकद शोषून घेतात. उड्डाणावेळी आपल्याला जो पांढरा ढग दिसतो, त्यात या पाण्याच्या वाफेचाही मोठा वाटा असतो.

हे धडे जुने झाले असं वाटत असेल, तर २० एप्रिल २०२३ आठवा. टेक्सासमधून स्टारशिप हे जगातलं सर्वात ताकदवान रॉकेट सोडलं गेलं. त्या पॅडखाली ना आगीचा चर होता, ना आग वळवणारा अडसर. काँक्रीटची जमीन उखडली, खाली मोठा खड्डा पडला आणि तुकडे दूरवर उडाले. त्यानंतर तिथे पाण्याचे फवारे सोडणारी जाड पोलादी चादर बसवावी लागली.

पॅडवर माणूस असतो तेव्हा

सगळ्यात कडू धडा बैकानूरचाच आहे. २४ ऑक्टोबर १९६० ला तिथल्या दुसऱ्या एका पॅडवर आर-१६ हे क्षेपणास्त्र इंधन भरून उभं होतं. बिघाड निघाला होता. खरं तर इंधन काढून, माणसं बाजूला करून दुरुस्ती करायला हवी होती. पण वरून घाई होती. मार्शल नेदेलिन स्वतः रॉकेटजवळ खुर्ची टाकून बसले होते, मग बाकीचे कसे हलणार? दुरुस्ती चालू असतानाच वरच्या टप्प्याचं इंजिन पेटलं. नेदेलिन यांच्यासह सत्तरहून जास्त माणसं जळून गेली. त्यात बरेच तंत्रज्ञ आणि जवान होते. सरकारने कित्येक वर्षं ही गोष्ट दाबून ठेवली.

भिंत कितीही जाड बांधा, बंकर कितीही मजबूत करा, माणूस बंकरच्या बाहेर उभा असेल तर त्याचा काय उपयोग? पॅडची सुरक्षा बांधकामात असते तितकीच शिस्तीत असते. कारखान्यात, बॉयलरवर, गॅसच्या टाकीजवळ काम करणाऱ्या आपल्या भावा-मुलांनाही हे तितकंच लागू आहे. साहेब घाई करतात म्हणून नियम मोडायचा नाही.

थुंबा : एक ट्रक आणि एक क्रेन

आपल्या देशाची सुरुवात कशी झाली? २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळमधल्या थुंबा इथून पहिलं रॉकेट उडालं. नाईकी-अपाची नावाचं ते लहान रॉकेट अमेरिकेकडून आलं होतं. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्ताची रेषा थुंब्याजवळून जाते, म्हणून ही जागा निवडली. मच्छीमारांच्या त्या वस्तीतलं सेंट मेरी मॅग्डालीन चर्च आणि बिशपचं घर या कामासाठी देण्यात आलं. तिथेच प्रयोगशाळा आणि ऑफिस उभं राहिलं. ते चर्च आज अंतराळ संग्रहालय आहे.

इथला पॅड म्हणजे तिरका करता येणारा एक लोखंडी रूळ. अशा लहान रॉकेटला स्वतःची दिशा बदलता येत नाही. रूळ ज्या दिशेला रोखलेला, तिकडेच ते जाणार. म्हणजे नेम धरण्याचं काम पॅडच करतो.

रॉकेटची जोडणी आणि सुरक्षा ही जबाबदारी होती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्यावर. ‘विंग्ज ऑफ फायर’ या आत्मचरित्रात त्यांनी तो दिवस सांगितला आहे. सामान काय, तर एक ट्रक आणि हाताने चालवायची एक हायड्रॉलिक क्रेन. रॉकेट रुळावर ठेवायच्या वेळी ते कलू लागलं. क्रेनमधून तेल गळत होतं. संध्याकाळी सहाची वेळ जवळ आली होती, क्रेन दुरुस्त करायला वेळ नव्हता. शेवटी सगळ्यांनी मिळून हातांनी रॉकेट उचलून जागेवर बसवलं. ते उडालं आणि त्याने सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा रंगीत ढग संध्याकाळच्या आकाशात दिसला.

आपण कलाम साहेबांना मिसाइल मॅन म्हणतो, राष्ट्रपती म्हणून आठवतो. पण थुंब्यातलं त्यांचं काम जमिनीवरचं होतं. जोडणं, तपासणं, सांभाळणं. त्यांचे वालिद जैनुलाबदीन यांनी रामेश्वरमला लाकडी नाव बांधली, तेव्हा लहानपणी कलाम ती बनताना बघत होते.

हे सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडे मुलगा आय.टी.आय.ला फिटर किंवा वेल्डर झाला, मुलीने डिप्लोमाला सिव्हिल घेतलं, की काही घरांत जरा हिरमोड होतो. डॉक्टर-इंजिनिअर झालं तरच शिक्षण, असं वाटतं. पण वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा बघा. कैचीचं वेल्डिंग, चराच्या विटा, पोलादी खुंटी, अर्थिंगची पट्टी, पाण्याचे पाइप. यातलं एक जरी काम कच्चं राहिलं असतं तरी रॉकेट गेलं नसतं. हुनर छोटा नसतो.

पुढच्या वेळी श्रीहरिकोटाचं प्रक्षेपण लागलं की मुलांना जवळ बसवा आणि नजर थोडी खाली ठेवायला सांगा. नाळ कधी सुटते? धूर कुठल्या बाजूने बाहेर पडतो? पाणी कधी सुरू होतं? रॉकेट कशावर उभं आहे? आणि नंतर चित्र काढायला दिलं, तर त्या आडव्या रेघेच्या जागी काय काय येतं ते बघा.